जेवढं घालाल, तेवढं आधी काढा

प्रति,
राज्यातील २९ महापालिकांचे मा. आयुक्त आणि शहर अभियंते



पाऊस ओसरला की तुमच्या कार्यालयांतून डांबरीकरणाच्या निविदा निघू लागतील. आधी खड्ड्यांची ओरड, मग दिवाळीच्या आत रस्ते चकचकीत करायची घाई, आणि शेवटी मार्चअखेरीला बिलांची धावपळ, हे चक्र आम्हा नागरिकांनाही तोंडपाठ झालं आहे. त्या निविदांवर सही करण्याआधी एकाच गोष्टीकडे लक्ष द्यावं, एवढ्यासाठी हे पत्र. जुन्या डांबरावर नवा थर घालणार असाल, तर जितक्या जाडीचा थर घालायचा तितक्या जाडीचं जुनं डांबर आधी मशीनने खरवडून काढा. आणि ते खरोखर निघालं का, हे मोजा.

यात नवं काही नाही, हे मला ठाऊक आहे. डांबर असं खरवडणं म्हणजे मिलिंग, हे तुमच्या कनिष्ठ अभियंत्यालाही समजावून सांगावं लागत नाही. बऱ्याच एस्टिमेटांत ती बाब लिहिलेलीही असते. अडतं ते पुढे. रस्त्यावर मशीन येतं, कडेकडेने थोडं गोंजारल्यासारखं करून जातं आणि दुसऱ्या दिवशी काळाभोर थर अंथरला की खाली किती निघालं होतं हे विचारायची सोय उरत नाही.

मी शहराच्या जुन्या भागात, तळमजल्यावर राहतो. घर बांधलं तेव्हा रस्त्यावरून एक पायरी चढून उंबऱ्याशी यावं लागे. आता एक पायरी उतरून यावं लागतं. घर खचलेलं नाही, जोतं जिथल्या तिथे आहे. मध्यंतरी केबलसाठी आमच्या दारासमोर चर खणला तेव्हा मी वाकून पाहिलं. चराच्या कडेला काळे पट्टे एकावर एक बसलेले. वरचा दोन बोटं जाडीचा आणि ताजा, त्याखाली मातीची बारीक करडी रेघ, मग पुन्हा काळा, मग भुसभुशीत झालेला एक, ज्याची खडी बोटाने निघत होती. एका पट्ट्याच्या माथ्यावर जुन्या झेब्रा क्रॉसिंगचा पांढरा रंगही तसाच अडकून होता. सगळं मिळून वीतभर डांबर. या वीतभरासाठी पैसे आम्हीच भरले, आणि आता पाऊस झाला की पाणी रस्त्यावरून आमच्या ओट्यावर येतं. ते अडवायला उंबऱ्यावर विटांचा बांध आम्हीच घातला आहे.

घरात पाणी शिरणं हा या प्रकरणाचा दिसणारा भाग झाला. फुटपाथाचा कर्ब साधारण १५० मिलिमीटर उंच ठेवतात. चाळीस-पन्नास मिलिमीटरचे तीन थर न खरवडता चढले की तो कर्ब संपला. मग दुचाक्या फुटपाथावर चढतात, आपण लोखंडी खांब रोवतो आणि त्या खांबांतून व्हीलचेअर जात नाही म्हणून पुन्हा तक्रार येते. पावसाळी गटाराच्या जाळ्या खाली राहतात, डांबराच्या कडेने अर्ध्या बुजतात. रस्त्याला मध्यापासून कडेकडे दोन टक्क्यांच्या आसपास उतार हवा. सात मीटर रुंद रस्त्यात हे मध्य आणि कड यांमधलं अवघं सात सेंटिमीटरांचं अंतर आहे. पण पाणी वाहून जातं ते या सात सेंटिमीटरांच्या जोरावर. थरावर थर चढवताना हा उतार कुठे मोडतो, कुठे उलटा होतो, आणि मग जिथे पाणी साठतं तिथेच पुढचा खड्डा पडतो. डांबर आणि पाण्याचं वैर मी तुम्हाला सांगायला नको.

पुलांचं गणित मात्र एकदा मुद्दाम करून पाहावं. पन्नास मिलिमीटर जाडीच्या डांबरी थराचं वजन चौरस मीटरला सुमारे ११७ किलो भरतं. तीस मीटर लांब आणि साडेसात मीटर रुंद गाळ्यावर असा एक थर न खरवडता चढवला की सव्वीस टन वजन कायमचं वाढलं. दोनदा केलं की बावन्न. पूल ज्याने आखला त्याने ते धरलेलं असेलच असं नाही. शिवाय प्रसरण सांधे डांबराखाली गाडले जातात. मग उन्हाळ्यात त्याच रेषेवर आडवी भेग उमटते आणि आपण तिला ‘खराब काम’ म्हणतो.

आता भेगांविषयी. जुन्या थरात भेगा असताना त्यावर नवा थर घातला, तर खालची भेग गप्प बसत नाही. वाहन गेलं की तिच्या दोन्ही कडा हलतात, वरच्या थराला त्याच जागी ताण देतात आणि काही पावसाळ्यांत ती जशीच्या तशी वर उमटते. चाकोऱ्या पडलेल्या रस्त्याचंही तेच. वरून पृष्ठभाग सपाट दिसतो, पण चाकोरीत नवा माल जाड आणि उंचवट्यावर पातळ पडतो. रोलर उंचवट्यांवर टेकतो, चाकोरीतला माल नीट दबत नाही. वाहनं येतात ती नेमकी त्या चाकोरीवरून. आमच्या आज्या मातीची जमीन उखणली की आधी खरवडून घेत, पाणी मारून चोपून घेत आणि मगच सारवायला बसत. उखणलेल्या जमिनीवर तसंच सारवलं तर चार दिवसांत पोपडे धरतात, हे त्यांना कुठल्या कोडात वाचावं लागलं नव्हतं.

एका रात्री आमच्या जवळच्या मोठ्या रस्त्यावर नीट चाललेलं मिलिंग मी पाहिलं. नीट काम कसं दिसतं हे लोकांना कळलं तर तुमचंही काम हलकं होईल, म्हणून सांगतो. मशीनच्या पोटाखाली आडवा ड्रम फिरतो. त्यावर टंगस्टन कार्बाइडच्या टोकाचे दात वळणावळणाने बसवलेले. दात तापून झिजू नयेत आणि धूळ उडू नये म्हणून त्यावर पाणी सुटत असतं. ड्रम डांबर उखडून चुरा करतो, तो चुरा पट्ट्यावरून वर चढून पुढच्या डंपरमध्ये पडतो आणि डंपर मशीनच्या चालीने इंच इंच पुढे सरकतो. मशीन चालवणारा वर उभा, पण कामाचा खरा धनी खालचा माणूस. तो मशीनशेजारून चालत राहतो, दर काही पावलांवर कडेला स्टीलची टेप लावून खोली बघतो आणि हाताने खूण करतो. डावी-उजवी खोली वेगवेगळी लावता येते. म्हणजे बिघडलेला उतारही इथेच सुधारून घेता येतो, नव्या थराच्या मापात मारून मुटकून बसवावा लागत नाही.

मशीन गेल्यावर मागे खाचा पडलेला, खरखरीत पृष्ठभाग राहतो. हा खरखरीतपणा कामाचा असतो, नवा थर त्याला धरून बसतो. पण मध्ये धूळ राहिली तर तो धुळीला धरतो. त्या रात्री झाडणारी गँग आणि कॉम्प्रेसर दोन्ही होते. मग चॉकलेटी रंगाचं इमल्शन फवारलं. ते काळं पडेपर्यंत थांबायचं असतं, पाणी उडून जाऊन डांबर चिकटलं की ते काळं होतं. मुकादम थांबला, नवा थर अंथरणारा पेव्हरवाला घाई करत होता तरी थांबला. मला त्या मुकादमाचं फार कौतुक वाटलं. चेंबरच्या भोवती मोठा ड्रम जाऊ शकत नाही, तिथलं डांबर ब्रेकरने किंवा छोट्या मशीनने काढावं लागतं. हे राहून गेलं की चेंबरभोवती टेंगूळ राहतं. उलट मिलिंग न करता थर घातला की चेंबर खड्ड्यात जातं. आपल्या शहरांत या दोन्ही प्रकारांची चेंबरं एकाच रस्त्यावर बघायला मिळतात. दुचाकीस्वारांना ती नकाशासारखी पाठ असतात, पाहुण्यांना नसतात.

खोलीचं बोलतोच आहे तर आणखी एक. दोन थरांचा सांधा जिथे आहे त्याच्या जरा वर मिलिंग थांबलं, तर जुन्या थराचा पातळ पापुद्रा मागे राहतो. तो खालच्याला नीट चिकटलेला नसतो. नवा थर या पापुद्र्यावर बसतो आणि पहिल्याच पावसात दोघे मिळून पत्र्यासारखे निघतात. म्हणून ‘सरसकट २५ मिलिमीटर’ असं टेबलावर बसून लिहू नका. आधी काही ठिकाणी कोअर काढा, किती थर आहेत, कुठवर कुजले आहेत ते पाहा आणि मग खोली ठरवा. कोअरचा तो काळा गोल तुकडा हातात घेतला की रस्त्याचा सगळा इतिहास दिसतो, अगदी मागच्या ठेकेदारानं किती वाचवलं ते सुद्धा.

मिलिंग सगळीकडे चालतं असंही नाही. पायाच गेला असेल, जाळीदार भेगा पडून खालून चिखल वर येत असेल, तर वरचं डांबर खरवडून काही साधत नाही. तिथे खोदून पाया बसवावा लागतो, गळकी पाइपलाइन असेल तर आधी ती बघावी लागते. आपल्या कित्येक गल्ल्यांत खडी-मुरमावर वीस मिलिमीटरचं कार्पेट एवढाच काय तो रस्ता आहे. तिथे मोठं मशीन घातलं तर ते सरळ खडीत जाईल. अशा गल्ल्यांना वेगळा उपाय करा. अरुंद जागेसाठी अर्ध्या मीटर रुंदीची छोटी मशीनंही मिळतात. आणि ज्या गल्ल्यांत जुन्या डांबरावरच दीड-दोनशे मिलिमीटर काँक्रीट ओतण्याची टूम निघाली आहे, तिथे तर हात जोडून सांगतो, आधी खणा. ते काँक्रीट नंतर खरवडणं डांबराइतकं सोपं नाही. तिथल्या तळमजल्यांचं नशीब एकाच दिवसात ठरून जातं.

आता हिशेबाची बाब. हे गणित कुठल्याही नागरिकाला कागदाच्या पाठीवर करता येतं. एक किलोमीटर लांब, सात मीटर रुंद रस्ता, चाळीस मिलिमीटर मिलिंग: २८० घनमीटर डांबर. घनमीटरला साधारण २.३५ टन धरले तर सुमारे ६५० टन माल निघायला हवा. सोळा टनी डंपरच्या चाळीस खेपा. पंधराच खेपा झाल्या असतील तर सरासरी पंधरा मिलिमीटरही निघालं नाही, मोजमाप पुस्तकात काहीही लिहिलेलं असो. रस्ता झाकला की खोली मोजता येत नाही, पण वजनकाट्याच्या पावत्या झाकल्या जात नाहीत. त्या बिलाला जोडणं सक्तीचं करा. एवढं एक केलंत तरी पुष्कळ झालं.

हा ६५० टन माल जातो कुठे, हा पुढचा प्रश्न. आमच्याकडचा कुठल्या तरी मोकळ्या प्लॉटवर भराव म्हणून गेला, काही ठेकेदाराने नेला, काही नाल्याच्या काठी पडला. त्यात वजनाने सुमारे पाच टक्के डांबर असतं, म्हणजे एका किलोमीटरमागे तीस टनांच्या वर. बाकी सगळी चांगली काळ्या पाषाणाची खडी, जिच्यासाठी आपण शहराभोवतीच्या टेकड्या फोडतो. देशाला लागणाऱ्या डांबराचा बराच भाग बाहेरून आणावा लागतो. जुनं डांबर ऑक्सिजनने कडक, ठिसूळ झालेलं असतं, त्याला नव्याचं मोल नाही हे कबूल. पण नव्या मालात ठरावीक प्रमाणात मिसळून, गरजेनुसार मऊ डांबर किंवा रिजुव्हिनेटर घालून ते पुन्हा वापरता येतं. इंडियन रोड्स काँग्रेसने त्यासाठी २०१५ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शिका काढली आहे, आयआरसी १२०. अमेरिकेने ही वाट १९७३ च्या तेलटंचाईनंतर धरली. डांबर महागल्यावर अचानक जुन्या रस्त्यात पैसे दिसू लागले. न्यू यॉर्क शहराचे स्वतःचे डांबर प्लांट आहेत, एक ब्रुकलिनमध्ये आणि दुसरा २०१० मध्ये विकत घेतलेला क्वीन्समध्ये. शहराच्या रस्त्यांवरून खरवडलेला माल तिथे जातो आणि त्याच शहराच्या रस्त्यांवर परत येतो.

आपल्याकडे हे अगदीच परकं नाही. मुंबई महापालिकेने वरळीला स्वतःचा डांबर प्लांट चालवला, पुणे महापालिकेचा येरवड्याला आहे. मिलिंग मशीनं बनवणाऱ्या जर्मन कंपनीचा कारखाना पुणे जिल्ह्यातच आहे. म्हणजे मशीनवाले घराशेजारी आहेत, प्लांट दारात आहे आणि माल रस्त्यात पडून आहे. निविदेत फक्त एक कलम हवं, की खरवडलेला माल महापालिकेच्या मालकीचा, त्याची जमा-नोंद होईल आणि तो अमुक यार्डात पोचल्याशिवाय मिलिंगचं बिल निघणार नाही. ठेकेदार कुरकुरतील. कुरकुरू द्या. दर ठरवताना मालाची किंमत वजा न करता तो त्यांच्या पदरात टाकणं हे कुठल्याच लेखापरीक्षकाला पटू नये.

(पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याचं उदाहरण मी देणार नाही. १९७६ चा तो रस्ता आणि ठेकेदाराने दिलेली ती दहा वर्षांची लेखी हमी ऐकून तिथल्या आयुक्तांचे कान किटले असतील. तो रस्ता मुळात चांगला बांधलेला होता. आपल्यापुढे आहेत ते मुळात बरे, पण थरांवर थर चढवून बिघडवलेले रस्ते. त्यांचा इलाज वेगळा आहे.)

एक कटकट मात्र मिलिंगमुळेच होते, तीही सांगायला हवी. आमच्या भागातला एक रस्ता उत्तम खरवडला गेला आणि मग आठवडेच्या आठवडे तसाच पडून राहिला. प्लांट बंद होता म्हणे, मग खडी नव्हती म्हणे, मग गणपती आले. खाचांत दुचाकीचं चाक डगमगतं. चेंबरं खरवडलेल्या पृष्ठभागाच्या वर उभी राहतात, रात्री दिसत नाहीत. पावसाची सर आली की उघड्या पडलेल्या पृष्ठभागातून पाणी थेट पायात मुरतं, म्हणजे जे वाचवायला निघालो तेच भिजवून बसलो. त्या रस्त्यावर शाळेला जाणारी मुलं आईच्या स्कूटरवर मागे बसून दोन्ही हातांनी धरून असत. मिलिंग आणि थर यांच्यात किती दिवसांचं अंतर चालेल हे निविदेत लिहा, त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला दंड लावा आणि मधल्या काळात चेंबरभोवती उतरता सिमेंटचा गिलावा आणि रिफ्लेक्टर असलाच पाहिजे असंही लिहा. मिलिंगचं नाव यामुळेच बदनाम होतं. लोक म्हणतात, बरा रस्ता उखडून ठेवला. त्यांचं चुकत नाही.

हे सगळं वरच्या एका आदेशाने सुरू होऊ शकतं, हे दुसऱ्या एका राज्याने दाखवलं आहे. मे २०२१ मध्ये तमिळनाडूचे तेव्हाचे मुख्य सचिव व्ही. इरई अन्बू यांनी लेखी सूचना काढली, की जुना थर खरवडल्याशिवाय नवा घालायचा नाही, रस्त्याची पातळी वाढता कामा नये, कारण पाणी लोकांच्या घरांत शिरतं. कारण अगदी घरगुती भाषेत दिलेलं आहे, तांत्रिक काही नाही. आदेश निघाला म्हणून प्रत्येक गल्लीत तो पाळला जातो असं मी म्हणणार नाही. पण चेन्नईत दारासमोर थर चढू लागला तर तळमजल्यावरच्या माणसाच्या हातात दाखवायला एक कागद आहे. आमच्या हातात तो नाही.

तो कागद द्या. त्यात पातळीचा उल्लेख करा, नुसत्या मिलिंगचा नको. काम सुरू होण्याआधी दर पन्नास मीटरवर कर्बच्या माथ्यापासून किंवा घराच्या जोत्यापासून रस्ता किती खाली आहे ते मोजायचं, जागेवर रंगाने लिहायचं, आणि काम झाल्यावर पुन्हा मोजायचं. ज्याच्या दारात मोजलं त्याची सही घ्या. रस्ता वर गेला असेल तर बिल अडवा. यासाठी सल्लागार नेमायची गरज नाही, लेव्हल मशीन प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयात धूळ खात पडलेलं असतं. आणि जिथे आधीच वीतभर डांबर चढलं आहे, तिथे पुढच्या खेपेला घालायचं त्याहून जास्त काढा, कर्ब पुन्हा १५० मिलिमीटर उघडा होईपर्यंत. महाग पडेल, वेळ जास्त लागेल. पण आजवर चढवलेले थर फुकट पडले नव्हते.

नगरसेवकांचा आग्रह असतो की आमच्या वॉर्डात लांबी जास्त दाखवा. त्याच पैशात मिलिंग केलं तर लांबी कमी होते, उद्घाटनाचा फलकही लहान होतो. ही तुमची खरी अडचण आहे, हे कळतं. पण दोष दायित्व कालावधी संपायच्या आत उखडलेला तीन किलोमीटर रस्ता आणि टिकलेला दोन किलोमीटर रस्ता यांतलं काय दाखवायचं, हे त्यांनाही एकदा पटवून पाहायला हरकत नाही. तुम्ही नाही पटवलंत तर आम्ही पटवू, मतं आमच्याकडे मागायला येतात.



आपला,
तळमजल्यावरचा एक करदाता

ता. क. मिलिंगचं मशीन रात्री दाराशी आलं की घरातली भांडी वाजतात, झोप उडते. त्याबद्दल आम्ही तक्रार करणार नाही. फक्त गाड्या हलवायची सूचना आदल्या दिवशी द्या, आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नव्हे, तर गल्लीच्या तोंडाशी कागद लावून. आमच्या इथले निम्मे लोक ग्रुपवर नाहीत आणि उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या खालचं डांबर तसंच सोडून मशीन पुढे गेलेलं आम्ही पाहिलं आहे.